शेजारच्या खुर्चीचा हिशेब

माध्यमिक शाळेच्या शिक्षकखोलीत मधल्या सुट्टीच्या वेळी जो कोणी नुसता चहाचा कप हाती घेऊन बसेल आणि कान उघडे ठेवील, त्याच्या ध्यानात थोड्याच दिवसांत एक गोष्ट येईल. ती ही की, 'पगार पुरत नाही' ही तक्रार आणि 'त्याला मिळाले, मला मिळाले नाही' ही तक्रार, या दोन्ही पैशाच्याच असल्या तरी त्यांचे सूर अगदी भिन्न असतात. पहिली मोठ्याने होते, तीत विनोदाला जागा असते, आणि बोलणाऱ्याला सगळ्यांचीच साथ मिळत असल्यामुळे ती करण्यात एक प्रकारचा आनंदही असतो. दुसरी करताना आवाज खाली येतो, बोलणारा एकदा दाराकडे पाहून घेतो, आणि ऐकणारे दोघेतिघे आपापल्या वह्यांच्या गठ्ठ्यांकडे नजर वळवितात. महागाई वाढली म्हणून शाळेवर रुसलेला शिक्षक मला फारसा भेटलेला नाही. परंतु आपल्या मागून लागलेल्याला पर्यवेक्षकपद मिळाले म्हणून पुढील दहा वर्षे शाळेशी घंटेपुरताच संबंध ठेवणारा शिक्षक ज्याने पाहिला नाही, असा शाळेच्या व्यवहारातला मनुष्य विरळाच.

हा मनुष्यस्वभावाचा क्षुद्रपणा आहे असे म्हणून विषय मिटविण्याची आपल्याकडे रूढी आहे, आणि शिक्षकाच्या बाबतीत तर 'व्रत' हा शब्द वापरून तो अधिकच लवकर मिटविता येतो. परंतु समाजशास्त्रज्ञांनी या क्षुद्रपणाकडे गेली पाऊणशे वर्षे बरेच आदराने पाहिले आहे. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन शिपायांच्या मनोवृत्तीची जी विस्तृत पाहणी सॅम्युअल स्टाउफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली व १९४९ साली प्रसिद्ध केली, तीत एक चमत्कारिक गोष्ट आढळून आली. लष्करी पोलीस दलात बढत्या दुर्मीळ होत्या, विमानदलात त्या भराभर मिळत. असे असूनही बढतीच्या पद्धतीविषयी कुरकूर जास्त होती ती विमानदलातच. याचे कारण असे सांगण्यात आले की, पोलीस दलातील शिपायाच्या आजूबाजूचे बहुतेक सगळे त्याच्यासारखेच तळाशी असल्यामुळे त्याला स्वतःचे काही गमावल्यासारखे वाटत नव्हते. विमानदलातील शिपायाला मात्र आपल्याबरोबरीचे दहाजण वर चढलेले रोज दिसत होते.

जे. स्टेसी ॲडम्स या मानसशास्त्रज्ञाने १९६३ ते १९६५ च्या सुमारास या निरीक्षणाला सिद्धान्ताचे रूप दिले. त्याच्या म्हणण्याप्रमाणे प्रत्येक नोकर मनात एक वही ठेवतो. वहीच्या एका बाजूला त्याने नोकरीत घातलेले, म्हणजे श्रम, शिक्षण, अनुभव, वय आणि निष्ठा. दुसऱ्या बाजूला नोकरीतून मिळालेले, म्हणजे वेतन, हुद्दा, मान आणि सोयी. परंतु ही वही तो एकट्याची लिहीत नाही. शेजाऱ्याचीही स्वतःच लिहितो, आणि दोहोंतील प्रमाण ताडून पाहतो. प्रमाण जुळले नाही की मन अस्वस्थ होते, आणि ही अस्वस्थता दूर करण्यासाठी मनुष्य कधी काम कमी करतो, कधी जास्त मागतो, कधी तुलनेचा माणूसच बदलतो, कधी आपली समजूत पालटून घेतो, आणि काहीच साधले नाही तर नोकरी सोडतो.

ॲडम्सने याच्या उलट बाजूचाही प्रयोग केला होता. मुलाखती घेण्याच्या कामावर नेमलेल्या काही विद्यार्थ्यांना त्याने असे भासविले की, तुमची पात्रता या कामाला पुरेशी नाही, तरी पूर्ण दराने मेहनताना देऊ. आणि हे विद्यार्थी इतरांहून अधिक मुलाखती घेऊ लागले. हक्कापेक्षा जास्त मिळाल्याची टोचणी माणसाला कामाला लावते, असा याचा अर्थ त्याने केला. पुढे टीकाकारांनी म्हटले की ती टोचणी विवेकाची नसावी, 'तू अपात्र आहेस' हे ऐकून दुखावलेल्या अभिमानाची असावी. आणि मला तरी टीकाकारांचे म्हणणे पटण्याजोगे वाटते. कारण २०१२ साली डेव्हिड कार्ड आणि इतर अर्थशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्निया विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची जी पाहणी प्रसिद्ध केली, तीत हा विवेक फारसा कोठे दिसत नाही. सार्वजनिक पगाराची माहिती एका वर्तमानपत्राने लोकांपुढे ठेवलेली होती. ती कोठे पाहावी हे काही कर्मचाऱ्यांना मुद्दाम कळविण्यात आले. ज्यांना कळले की आपण आपल्या विभागात मध्यापेक्षा खाली आहो, त्यांचे नोकरीतील समाधान घटले. ज्यांना कळले की आपण वर आहो, त्यांचे मात्र वाढले नाही. आपल्या शाळांत अशा माहितीपत्रकाची जरुरी नसते. लेखनिकाच्या टेबलावरील पगारपत्रक हा सर्वांनी पाठ केलेला ग्रंथ आहे.

आणि या पगारपत्रकाचे आजचे स्वरूप कसे आहे ते पाहिले पाहिजे. 'महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७' हा कायदा, शाळेला सरकारी अनुदान मिळो वा न मिळो, राज्यातील सर्व खाजगी शाळांना लागू आहे, असे त्याच्या तिसऱ्या कलमात स्पष्ट म्हटले आहे. त्याच्याही आधी, १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने शिफारस केली होती की, व्यवस्थापन सरकारी असो, स्थानिक संस्थेचे असो की खाजगी असो, एकाच दर्जाच्या शिक्षकाला एकच वेतन असावे. कागदावर तत्त्व हे असे स्वच्छ आहे. प्रत्यक्षात एकाच शिक्षकखोलीत, एकाच लांब टेबलाभोवती, पाच तऱ्हेची माणसे बसलेली असतात. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी नेमणूक होऊन पूर्ण वेतन आणि निवृत्तिवेतन या दोहोंचा हक्क लाभलेले. त्या तारखेला किंवा नंतर लागल्यामुळे वेतन तेच परंतु जुने निवृत्तिवेतन नाही असे. तीन वर्षे मानधनावर काम करणारे शिक्षणसेवक. विनाअनुदानित तुकडीवर नेमले गेलेले आणि वीस-वीस टक्क्यांच्या टप्प्यांनी अनुदानाची वाट पाहणारे. आणि तासिका तत्त्वावर येऊन तासांचा हिशेब घेऊन जाणारे. या पाचांपैकी तिघे कदाचित इयत्ता नववीच्या तीन तुकड्यांना तोच गणिताचा धडा तोच खडू वापरून शिकवीत असतात.

शिक्षणसेवक ही योजना २००० साली आली, तेव्हा प्राथमिक शाळेत दरमहा ३,००० रुपये, माध्यमिकात ४,००० आणि कनिष्ठ महाविद्यालयात ५,००० असे मानधन होते. पुढे ते वाढले, आणि २०२३ पासून हे आकडे अनुक्रमे १६,०००, १८,००० व २०,००० झाले. रकमेत वाढ झाली. परंतु 'शिक्षक' आणि 'शिक्षणसेवक' हा नावातला भेद राहिला, आणि शेजारच्या खुर्चीवरील वेतनाशी असलेले अंतरही राहिले. 'कायम विनाअनुदानित' या शब्दप्रयोगातील 'कायम' हा शब्द २००९ साली वगळण्यात आला, तेव्हा त्या शाळांतील शिक्षकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. मात्र शब्द वगळणे आणि रक्कम मंजूर होणे यांच्यामध्ये किती वर्षांची आणि किती मोर्चांची वाट आहे, हे त्यांना नंतर कळले. मार्च २०२३ मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी राज्यातील सरकारी आणि निमसरकारी कर्मचाऱ्यांबरोबर शिक्षकही संपावर गेले, तेव्हा वाद रकमेचा होता हे खरेच. परंतु त्या रकमेला धार आली होती ती एका तारखेमुळे. ३१ ऑक्टोबरला रुजू झालेला आणि १ नोव्हेंबरला रुजू झालेला यांच्या गुणांत कोणताही फरक दाखविता येत नाही. आणि ज्या फरकाचे कारण सांगता येत नाही तोच मनाला सर्वांत जास्त झोंबतो.

येथे कोणी म्हणेल की मग सर्वांना समान वेतन द्या म्हणजे तंटा मिटेल. तसे झाले असते तर पुण्याचा एक प्रसिद्ध तंटा झालाच नसता. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांनी १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल काढले, आगरकर लवकरच त्यांना येऊन मिळाले, आणि १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. सोसायटीच्या आजीव सभासदांनी वीस वर्षे दरमहा ७५ रुपयांवर काम करावे, आणि त्यात लहानमोठा हा भेद नसावा, असा संकेत होता. त्यागाच्या दृष्टीने याहून निर्मळ व्यवस्था कल्पनेत आणणे कठीण. तरीही अवघ्या सहा वर्षांत तिला तडा गेला. सभासदाने फावल्या वेळात बाहेरचे काम करून मिळविलेला पैसा त्याचा की संस्थेचा, ज्याच्या घरची ओढाताण मोठी त्याला वेतनात वाढ मागता यावी की नाही, आणि जो आपला सगळा वेळ संस्थेला देतो त्याने जो देत नाही त्याच्याएवढेच का घ्यावे, या प्रश्नांवर मतभेद वाढत गेले. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद पत्करले ते निमित्त झाले, आणि १८९० च्या डिसेंबरात टिळकांनी सविस्तर कैफियत लिहून राजीनामा दिला. टिळक आणि आगरकर यांच्यातील बेबनाव आपण सामाजिक सुधारणेच्या वादामुळेच ओळखतो. पण त्या थोर पुरुषांच्या शिक्षकखोलीतही ॲडम्सने वर्णिलेली वही उघडलेली होती, आणि ती उघडणारे कोणी लोभी नव्हते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

त्या वादात न्यायाच्या तीन निरनिराळ्या कल्पना एकमेकींशी झगडत होत्या. सर्वांना सारखे, ही एक. ज्याचे श्रम जास्त त्याला जास्त, ही दुसरी. आणि ज्याची गरज मोठी त्याला आधी, ही तिसरी. मॉर्टन डॉइच या मानसशास्त्रज्ञाने १९७५ साली हीच त्रयी मांडली, आणि कोणत्या मंडळीत कोणते तत्त्व चालते याची चर्चा केली. शाळा ही या दृष्टीने मोठी अवघड संस्था आहे, कारण ती बोलताना कुटुंबाची भाषा बोलते, दप्तर सरकारी कचेरीचे ठेवते आणि निकाल लागला की कारखान्यासारखे उत्पादन मोजू लागते. जो शिक्षक गरजेच्या तत्त्वावर रजा मागतो तोच दुसऱ्या दिवशी श्रमाच्या तत्त्वावर बढती मागतो आणि तिसऱ्या दिवशी समतेच्या तत्त्वावर बदली तास नाकारतो. त्यात लबाडी असतेच असे नाही.

या तिहींच्या भांडणातून वाट काढण्यासाठी आपल्या शाळांनी चौथेच एक तत्त्व कवटाळले आहे, ते म्हणजे सेवाज्येष्ठता. गुणी मनुष्य मागे राहतो आणि नुसता टिकून राहिलेला पुढे जातो, असा या तत्त्वावर आक्षेप आहे आणि तो खोटा नाही. परंतु ज्येष्ठतेचे खरे बळ ती न्याय्य आहे यात नसून तिच्यात कोणाला हात घालता येत नाही यात आहे. गुण कोणी मोजायचे, कोणत्या मापाने मोजायचे आणि मोजणाऱ्याचा भाचा उमेदवारांत असेल तर काय करायचे, हे प्रश्न जेथे सुटलेले नाहीत, तेथे नेमणुकीची तारीख हा एक बिनबोलका पण विश्वासू साक्षीदार असतो. १९७७ च्या त्याच कायद्याखालील १९८१ च्या नियमावलीतील अनुसूची 'फ' वाचली म्हणजे हा साक्षीदारही कधीकधी अडखळतो हे दिसते. शिक्षकांचे पात्रतेनुसार प्रवर्ग पाडलेले आहेत, एकाच प्रवर्गात एकाच तारखेला दोघे आले असतील तर वयाने मोठा तो ज्येष्ठ, आणि डी.एड.वर लागून पुढे बी.एड. झालेल्या शिक्षकाने वरच्या प्रवर्गात कोणत्या तारखेपासून उभे राहावे, या एका प्रश्नावर उच्च न्यायालयापर्यंत किती प्रकरणे गेली असतील त्याची मोजदाद शिक्षकसंघटनांचे जुने कार्यकर्तेच करू जाणे.

याच नियमावलीतील बाराव्या नियमाकडे मात्र मी नेहमी कौतुकाने पाहतो. त्यात म्हटले आहे की, व्यवस्थापनाने मुख्याध्यापकासह शिक्षकांची आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांची ज्येष्ठता-यादी तयार करावी. ती सर्वांना दाखवावी आणि मिळाल्याबद्दल त्यांच्या सह्या घ्याव्यात. पुढे काही फेरफार झाला तर तोही कळवावा. कोणाची हरकत असेल तर तिचा विचार करावा. आणि तरीही वाद राहिला तर तो शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावा. हे शब्द सरकारी आहेत, रुक्ष आहेत, आणि ते लिहिणाऱ्याने मानसशास्त्राचे एक पानही चाळले असेल असे दिसत नाही. तथापि आदल्याच वर्षी, १९८० साली, जेराल्ड लेव्हेंथाल याने न्याय्य कार्यपद्धतीच्या ज्या कसोट्या सांगितल्या, म्हणजे नियम सर्वांना सारखा लावावा, निर्णय करणाऱ्याचा कल त्यात नसावा, माहिती अचूक असावी, चूक दुरुस्त करण्याला वाव असावा, ज्यांचा संबंध आहे त्यांचे म्हणणे त्यात यावे आणि तो नीतीला धरून असावा, त्यांपैकी बहुतेक सगळ्या या कोरड्या नियमात उतरलेल्या आहेत. जॉन थिबो आणि लॉरेन्स वॉकर या जोडीने १९७५ मध्ये न्यायालयीन वादांच्या अभ्यासावरून दाखवून दिले होते की, निकाल विरुद्ध गेला तरी आपली बाजू मांडावयास मिळाली असेल तर माणूस तो निकाल पुष्कळ अंशी न्याय्य मानतो. १९७७ च्या कायद्याने बडतर्फी आणि पदावनती यांच्याबरोबरच बढतीत डावलले जाण्याविरुद्धही शाळा न्यायाधिकरणाकडे दाद मागण्याचा हक्क दिला आहे. 'डावलले जाणे' हे दुःख कायद्याने बडतर्फीच्या पंगतीला बसविले, यात कायदा करणाऱ्यांना शिक्षकखोलीची उत्तम ओळख होती असे म्हणावे लागते.

दुर्दैवाने यादी फिरते ती पुष्कळ ठिकाणी जूनच्या गडबडीत, सेवकाच्या हातून, 'येथे सही करा' एवढ्याच वाक्यासह. कागद पुरा होतो, कार्यपद्धती पुरी होते आणि समजूत मात्र अपुरी राहते. या अपुरेपणाची किंमत जेराल्ड ग्रीनबर्ग याने १९९० साली मोजून दाखविली. अमेरिकेतील एका कंपनीला आपल्या कारखान्यांतील मजुरांचा पगार दहा आठवड्यांपुरता १५ टक्के कमी करावा लागला. एका कारखान्यात वरिष्ठांनी सुमारे दीड तास बसून कारण सांगितले, हिशेब दाखविले, खेद व्यक्त केला आणि प्रश्नांना उत्तरे दिली. दुसऱ्यात पंधरा मिनिटांत निर्णय वाचून दाखविला. कपात दोन्हीकडे तेवढीच. दोन्हीकडे मालाच्या चोऱ्या वाढल्या, परंतु जेथे नीट सांगितले गेले तेथे त्या पुष्कळच कमी वाढल्या. आणि पगार पूर्ववत होताच दोन्हीकडे त्या खाली आल्या. शाळेतून चोरण्यासारखे खडूंच्या पेटीपलीकडे फारसे काही नसते हे खरे. शाळेत चोरी होते ती मन लावून शिकविण्याची, आणि तिची नोंद साठा-नोंदवहीत होत नाही.

कार्यपद्धती आणि समजूत यांचा हा प्रश्न जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकांच्या बदल्यांत मोठ्या प्रमाणावर पाहावयास मिळाला. पूर्वी बदली म्हणजे शिफारशीची चिठ्ठी, पदाधिकाऱ्याच्या दिवाणखान्यातील ताटकळणे आणि समुपदेशनाच्या दिवशी सभागृहातील गलका. २०१७ च्या शासन निर्णयाने हे सगळे संगणकावर नेले: अपंग, दुर्धर आजारी, विधवा अशांचा एक विशेष संवर्ग, पती-पत्नी एकत्रीकरणाचा दुसरा, अवघड क्षेत्रात सेवा करून बदलीचा अधिकार मिळविलेल्यांचा तिसरा, आणि मग बदलीपात्र उरलेले. यंत्राला चिठ्ठी देता येत नाही, या एका गुणासाठी हजारो शिक्षकांनी त्याचे स्वागत केले. परंतु वरच्या संवर्गातील कोणी आपली शाळा मागितली की आपल्याला उठावे लागते, याला शिक्षकांनी खेळातला 'खो' हा शब्द लावला, आणि 'मला खो बसला' हे वाक्य त्यानंतर तालुक्यातालुक्यांत ऐकू येऊ लागले. खो देणाऱ्याच्या प्रमाणपत्राविषयी, शाळांमधील अंतराच्या दाखल्याविषयी संशय व्यक्त होऊ लागला. आणि पूर्वी निदान ज्याच्यापुढे आपले गाऱ्हाणे मांडता येत होते तो माणूस आता कोठेच नाही, ही नवी तक्रार जन्मास आली. नियम सर्वांना सारखा लागू झाला, पण ऐकून घेणारे कोणी उरले नाही. लेव्हेंथालच्या यादीतील एक कलम मिळविताना दुसरे हातचे गेले. तरीही जुनी पद्धत परत आणा असे म्हणणारे शिक्षक मला तुरळकच भेटले, ही गोष्ट यंत्राच्या बाजूने नमूद केली पाहिजे.

अन्यायाला पत्ता असतो. वेतनश्रेणी, निवृत्तिवेतन, अनुदानाचा टप्पा यांतील अन्यायाचा पत्ता मंत्रालयाचा असल्यामुळे त्याच्याविरुद्ध मोर्चा काढता येतो आणि मोर्चातून परतणारा शिक्षक दुसऱ्या दिवशी वर्गात उमेदीने शिकवूही शकतो. परंतु ज्या अन्यायाचा पत्ता शेजारची मुख्याध्यापकांची खोली हा असतो तो रोज सकाळी हजेरीपत्रकावर सही करताना भेटतो. वेळापत्रकच घ्या. दहावीची तुकडी कोणाला, दुपारचा शेवटचा तास कोणाच्या माथी, सहकारी रजेवर गेला की त्याचा बदली तास नेमका कोणाच्या रिकाम्या तासावर येतो, वर्गशिक्षकाच्या कटकटीतून दरवर्षी कोण सुटतो, शिष्यवृत्तीचा जादा वर्ग कोण घेतो आणि बक्षीस समारंभात नाव कोणाचे वाचले जाते, या गोष्टींत एक पैही खर्ची पडत नाही, आणि तरीही समाधानाचा निकाल पुष्कळदा येथेच लागतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने शिक्षकाला जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका एवढ्यांवाचून अशैक्षणिक कामाला लावू नये असे सांगितले आहे. परंतु या तीन कामांचा आदेश आला म्हणजे शाळेतून कोणाची नावे पाठवायची, हे ठरविताना मुख्याध्यापकाने कोरलेला प्रत्येक अपवाद टेबलाभोवती बारकाईने वाचला जातो.

रॉबर्ट हॉपॉक याने १९३५ साली नोकरीतील समाधानावर जे पुस्तक लिहिले, त्यात पाचशे शिक्षकांपैकी अत्यंत समाधानी असे शंभर आणि अत्यंत असमाधानी असे शंभर यांची तुलना आहे. आणि समाधानी शिक्षकांचे वरिष्ठांशी व सहकाऱ्यांशी असलेले संबंध अधिक चांगले होते, असे त्याला दिसले. डॅन लॉर्टी या समाजशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये अमेरिकन शिक्षकांविषयी लिहिताना म्हटले की, शिक्षकाचा खरा मोबदला त्याला वर्गाच्या चार भिंतींत, मुलाच्या चेहऱ्यावर उमटलेल्या 'कळले' या भावात मिळतो. फ्रेडरिक हर्झबर्ग याने अभियंते आणि हिशेबनीस यांच्यावरून १९५९ मध्ये काढलेला निष्कर्ष यांच्या जोडीला ठेवला म्हणजे चित्र बरेच स्पष्ट होते. त्याच्या मते समाधान देणारी कारणे कामाच्या पोटात असतात, आणि असमाधान निर्माण करणारी कामाच्या भोवती, मुख्यतः कारभारात. म्हणूनच पुष्कळ शिक्षक एकाच दिवशी वर्गात सुखी आणि शिक्षकखोलीत दुःखी असू शकतात, आणि 'तुम्ही नोकरीत समाधानी आहात का' या प्रश्नाला घंटेच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरे उत्तर देऊ शकतात.

समाधान वाढले म्हणजे शिकविणे सुधारते, हे गृहीत धरणेही घाईचे आहे. इंडोनेशियात २००५ च्या कायद्याने प्रमाणपत्रप्राप्त शिक्षकांना मूळ वेतनाइतकाच भत्ता देण्याचे ठरले, म्हणजे मूळ वेतन जवळजवळ दुप्पट झाले. त्या योजनेचा तीनशे साठ शाळांत काटेकोर प्रयोग करून जे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांत असे दिसले की शिक्षकांचे समाधान वाढले, पैशाची ओढाताण कमी झाली, दुसरी नोकरी करण्याचे प्रमाण घटले; परंतु मुलांच्या अभ्यासात फरक पडला नाही. यावरून वेतनवाढ व्यर्थ आहे असे अनुमान काढणारे पुष्कळ निघतील, आणि त्यांतले काही सरकारी तिजोरीचे राखणदार असतील. ते अनुमान बरोबर नव्हे. सर्वांना सरसकट मिळालेल्या रकमेने शेजारच्या खुर्चीशी असलेले प्रमाण बदलत नाही, आणि शाळेतील कारभाराची रीत तर त्या रकमेने तसूभरही बदलत नाही, एवढेच त्यावरून मला तरी म्हणता येते. न्यायाच्या जाणिवेचा परिणाम प्रथम दिसतो तो कोणत्याही नियमात न लिहिलेल्या कामांवर: स्नेहसंमेलनाची तालीम, सहलीची जबाबदारी, नापास होऊ घातलेल्या पोराच्या घरी संध्याकाळी मारलेली चक्कर. दुखावलेला शिक्षक तास बुडवीत नाही, त्याची टाचणवही चोख असते. तो ही चक्कर तेवढी बंद करतो, आणि त्याच्यावर कोणत्याही कलमाखाली ठपका ठेवता येत नाही.

सगळ्यांच्या मनातील वही सारख्याच बारकाईने लिहिलेली असते असेही नाही. १९८७ मध्ये ह्यूजमन, हॅटफील्ड आणि माइल्स या संशोधकांनी नोकरदारांचे तीन स्वभाव सांगितले: घेण्यापेक्षा देण्यात सुख मानणारे, काटा मध्यावर असावा असा आग्रह धरणारे, आणि मिळेल तेवढे आपले हक्काचेच मानणारे. पहिल्या जातीची माणसे शाळांत बरीच सापडतात, आणि व्यवस्थापनाला ती लगेच ओळखू येतात. 'सर, तुमच्याशिवाय कोण करणार?' या वाक्याने किती शनिवार-रविवार खर्ची पडले असतील! देणाऱ्या स्वभावाच्या माणसाला दुसऱ्याच्या वाट्याचे ओझे देणे सोपे असते, कारण तो कुरकुरत नाही. पण ते पाहणारा मध्यम स्वभावाचा सहकारी मात्र त्यापासून धडा घेतो आणि पुढच्या वर्षी आधीच अंग काढून घेतो. महात्मा फुल्यांची दृष्टी या बाबतीत अधिक व्यवहारी होती. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगापुढे ठेवलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षकाला दरमहा १२ रुपयांहून कमी आणि मोठ्या गावांत १५ किंवा २० रुपयांहून कमी पगार नसावा, असे सांगितले. आणि तेवढ्यावर न थांबता असेही सुचविले की, गावचे हिशेब तपासणे, दस्तांची नोंदणी, टपाल, मुद्रांकविक्री अशा कामांशी शिक्षकाला जोडावे, म्हणजे गावात त्याची प्रतिष्ठा वाढेल. शिक्षकाच्या मानाचा विचार त्यांनी त्यागाच्या गौरवाने सुरू केला नाही, रुपयांनी केला, आणि मग रुपयांच्या पुढे गेले.

आतापर्यंत मी शिक्षकांविषयीच बोललो, आणि तेही या विषयातील एका जुन्या अन्यायाला धरूनच झाले. शाळेचे कर्मचारी म्हणताच डोळ्यांपुढे फळा येतो. लेखनिक, ग्रंथपाल, प्रयोगशाळा परिचर आणि शिपाई येत नाहीत. ज्या लेखनिकाच्या हातून सगळ्यांची सेवापुस्तके भरली जातात, बारा वर्षांनी वरिष्ठ श्रेणीचे आणि चोवीस वर्षांनी निवड श्रेणीचे प्रस्ताव तयार होतात, वेतन पथकाकडे हेलपाटे घातले जातात, त्याच्या स्वतःच्या बढतीची पायरी शाळेतील विद्यार्थिसंख्येवर टांगलेली असते, आणि शिक्षक दिनी त्याला खुर्च्या मांडण्याची यादी करावी लागते. शिपायाची तऱ्हा त्याहून पुढची. जुन्या शाळांत शिपाई हा संस्थेचा सर्वांत दीर्घ स्मरणशक्तीचा माणूस असे. कोणते खोलीपत्रक कोणत्या कपाटात आहे आणि कोणता माजी विद्यार्थी आता आमदार आहे, हे त्यालाच ठाऊक. बाराव्या नियमातील ज्येष्ठता-यादीत त्याचेही नाव असते, त्याचीही सही घ्यावी लागते. २०२० च्या अखेरीस सरकारने ठरविले की, अनुदानित शाळांतील चतुर्थ श्रेणीची पदे रिक्त होतील तशी पुन्हा न भरता त्यांच्याऐवजी शाळेला 'शिपाई भत्ता' द्यावा. त्या भत्त्यातून आता जो माणूस ठेवला जातो तो कुलूप उघडतो, पाणी भरतो, घंटा देतो, जून महिन्यात ज्येष्ठता-यादी घेऊन शिक्षकखोलीत जातो, एकेका टेबलाशी थांबून सर्वांच्या सह्या घेतो, आणि शेवटची सही झाली की यादी लेखनिकाच्या हाती देऊन दुसरी घंटा द्यायला निघून जातो.